पासिंगचा दिवस

माझं अकरावीचं सामान जीपमध्ये भरलं त्या दिवशी सकाळी आईने बाबांना दोनदा विचारलं, आधी पासिंग आणि मगच लातूर, असंच ना? बाबा म्हणाले, असंच. आरटीओच्या मैदानावर गाडी दाखवायची, शिक्का घ्यायचा आणि तिथूनच लोह्याच्या रस्त्याला लागायचं.

बाबांची काळी-पिवळी जीप नांदेड-लातूर चालायची. भूकंपाला काही वर्षं झाली होती. ज्या लातूरचं नाव काढलं की लोक हळहळायचे, तिथेच आता जो तो पोरं पाठवत होता. मुलगी दहावीला चांगली सुटली की नातेवाईक पेढा तोंडात असतानाच म्हणायचे, मग लातूरला टाका. जूनमध्ये बाबांच्या जीपवर पत्र्याच्या पेट्या, गाद्या आणि सायकली इतक्या चढायच्या, की लांबून जीप ओळखू यायची नाही.

भूकंप झाला तेव्हा आई माहेरी होती, औसा तालुक्यातल्या एका खेड्यात. उकडत होतं म्हणून ती अंगणात झोपली होती. आत झोपलेली तिची काकू भिंतीखाली गेली. तेव्हापासून आई घाबरायची. रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला आणि मांडणीतली भांडी वाजली, की ती हातातलं काम टाकून दारात जाऊन उभी राहायची. आम्हाला त्याची सवय झाली होती. बाबा म्हणायचे, येईल आत थोड्या वेळानं. आणि ती यायची.

मी लातूरला जाणं तिला नको होतं. सरळ तसं ती बोलली नाही. खोलीला स्लॅब आहे की पत्रे, एवढंच विचारत राहिली. पत्रे असते तर बरं, पडले तरी माणूस वाचतो. खरं म्हणजे मलाही भीती वाटत होती. तिथे दर आठवड्याला परीक्षा होते आणि मार्क फळ्यावर लावतात, असं ऐकलं होतं. स्लॅबची भीती आईकडून माझ्यात कधी आली ते कळलंच नव्हतं. पण गल्लीत एकदा सगळ्यांना सांगून झाल्यावर मागे कसं फिरणार?

महिनाभर आई आणखी एक गोष्ट सांगत होती. बाजाराला जाताना जीप थांबली की खालून लोखंड घासल्यासारखा आवाज येतो. बाबा तिला समोरचं मीटर दाखवायचे. ब्रेकचे लायनर ते ठरलेल्या किलोमीटरला बदलायचे, त्यात कधी हयगय नाही, आणि मीटरप्रमाणे अजून बराच पल्ला बाकी होता.

"तुला मिक्सर लावला तरी जमीन हलल्यावाणी वाटतंय," ते म्हणाले.

मीटरचा काटा अधूनमधून पडायचा. बाबा काचेवर टिचकी मारायचे, की तो पुन्हा थरथरत वर यायचा. काटा पडलेला असताना किलोमीटरचे आकडेही जागचे हलत नाहीत, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

मैदानावर बाभळींच्या कडेने टेम्पो, रिक्षा आणि जीपा रांगेत उभ्या होत्या. सगळ्या धुतलेल्या, काहींचा रंग अजून ओला. आमचा नंबर आल्यावर आई आणि मी उतरून लिंबाखाली उभ्या राहिलो. सामान जीपमध्येच राहिलं. इन्स्पेक्टर साहेब चष्मा लावणारे, मध्यम वयाचे गृहस्थ होते. त्यांनी दिवे लावायला सांगितले, हॉर्न ऐकला, चाकं पाहिली. मग बाबांच्या शेजारी बसले आणि मैदानाच्या त्या टोकाकडे हात केला. तिकडे मुरमाचा मोठा ढीग होता आणि ढिगाच्या पलीकडे रस्ता, वाहता.

जीप निघाली, वेग घेतला. अर्ध्या मैदानात साहेबांनी हात वर केलेला मला दिसला. मागचा लाल दिवा लागला. मी जीप थांबण्याची वाट पाहत होते, आणि जीप तशीच पुढे चालली होती. दिवा विझला, पुन्हा लागला, पुन्हा विझला. रांगेतला कुणीतरी "अरे अरे" म्हणाला. आईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की बांगड्या हातात रुतल्या. जीप एकदम डावीकडे वळली, एका बाजूची चाकं उचलल्यासारखी झाली आणि ती मुरमाच्या ढिगावर चढून थांबली. माझी पेटी मागच्या फाळक्यावरून खाली पडली. धुळीत काही दिसेना.

मी पळत गेले. आई माझ्याही पुढे होती.

साहेबांचा चष्मा तुटला होता आणि कपाळाला खोक पडली होती, फार नाही. बाबांना काही लागलं नव्हतं. ते स्टिअरिंग धरून बसले होते. साहेब रागावतील असं मला वाटलं होतं, पण त्यांचाच आवाज कापत होता. लायनर कधी बदलले, असं त्यांनी विचारलं.

"मीटर बघा ना साहेब. अजून पाळीच आली न्हाई."

साहेबांनी वाकून मीटर पाहिलं. मग जीप मुरमावरून खाली घ्यायला लावली आणि चार माणसांना ती ढकलायला सांगितली. चाकं फिरत होती, मीटरचा बारीक आकडा जागचा हलला नाही. हे कधीपासून बंद आहे, असं त्यांनी विचारलं. बाबांना सांगता येईना. पासिंग अर्थातच झालं नाही. साहेबांनी कपाळाला रुमाल लावला आणि जीप ओढून गॅरेजला न्यायला सांगितलं, चालवत नाही. जाताना बाबांच्या खांद्यावर हात ठेवून गेले.

गॅरेजवाल्याने दुपारी चाकं उघडली. लायनर पार झिजून नुसतं लोखंड लोखंडावर घासत होतं. ब्रेक हळू दाबला तोवर लागत होता, जोरात दाबल्याबरोबर आतलं तेल बाहेर आलं. मीटरची तार मनाला येईल तेव्हा फिरत होती. जीप किती पळाली, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

गॅरेजसमोर एक बाकडं होतं. बाबा त्यावर बसले आणि उठेनात. चहा आणला, तो तसाच गार झाला. मग ते म्हणाले, की परवा लातूरहून येताना आठ पोरी होत्या गाडीत. लोह्याच्या अलीकडच्या उतारावर म्हैस आडवी आली होती, ती आपणहून बाजूला झाली म्हणून ब्रेक जोरात दाबावा लागला नाही. एवढं बोलून ते आपल्या गुडघ्यांकडे पाहायला लागले. गुडघे थरथरत होते. त्यांनी दोन्ही हातांनी दाबून धरले तरी थांबेनात.

आई शेजारी बसली होती. तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तुला रोज असंच होतं का?"

"हाव," आई म्हणाली.

मी पेटीवर बसून होते. बाबांना घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहत होते, आणि मला वाटलं, आता आपल्या घरात कुणाच्या पाठीमागे लपायचं?

दुसऱ्या दिवशी आई मला एसटीने लातूरला घेऊन गेली. खोलीला स्लॅबच होता. आईने भिंतीवरून हात फिरवला, दाराची कडी दोन-तीनदा उघडून पाहिली आणि माझी गादी दाराजवळ टाकली. बाकीच्या मुली बघत होत्या. मी गादी तिथून हलवली नाही. पहिले काही आठवडे फळ्यावर माझं नाव शोधायला मी खालून सुरुवात करायचे आणि ते लवकर सापडायचं. पुढे ते जरा वर सरकलं, फार वर नाही.

जीपचे लायनर बदलले, तार नवी बसवली, पुढच्या वेळी पासिंग झालं. त्याच साहेबांनी केलं. पण बाबांना लातूरचा रस्ता जमेना. पोरी मागे हसायला लागल्या, की त्यांच्या हाताला घाम यायचा. दिवाळीला ते मला न्यायला एसटीनेच आले. त्यानंतर त्यांनी लातूरची लाइन सोडली आणि विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला पोरं सोडायला लागले. रस्ता सपाट, अंतर थोडं. सकाळी निघण्याआधी गल्लीत ते चार वेळा ब्रेक दाबून बघायचे. आई दारात उभी राहून ऐकायची आणि ठीक आहे म्हणून मान हलवायची. मग ते जायचे.

माझी बारावी संपल्यावर आईनेच माहूरला जायचं काढलं. रेणुकेला नवस बोलली होती म्हणे. बाबा म्हणाले, एसटीने जाऊ, घाट आहे. आई म्हणाली, जीपनेच जाऊ. "तुमी भ्याल, मी बी भिईन. हळू हाका."

आम्ही गेलो. दर्शन झालं. घाट उतरताना बाबांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ठेवली. मागे दोन ट्रक हॉर्न वाजवत होते, एका वळणावर त्यातला एक आमच्या अंगाला घासल्यासारखा पुढे गेला. मी डोळे मिटून घेतले. आई पुढे बसली होती. पुढचं वळण डावीकडं हाय, ती बाबांना सांगत होती. मग उजवीकडं. मग खाली सपाट हाय.