नाना घरत आणि एकोणीस नंबर

नाना घरत पेपर मागच्या पानापासून वाचायचे. वाचनालयाचं दार मी उघडते न उघडते तोच ते पायरीवर हजर. निधनवार्तांचं पान काढायचं, चष्मा कपाळावर ढकलायचा आणि कागद नाकाला लावून एकेक नाव वाचायचं. ओळखीचं नाव सापडलं की खिशातल्या वहीत फुली. मग माझ्याकडे न बघता म्हणायचे, "बाय, आजून एक गेला. याला इचारायचं राहिलंच." पहिल्या पानावर सरकार पडो नाहीतर उभं राहो, नानांना त्याचं सोयरसुतक नव्हतं.

नाना नव्वदीला टेकलेले. तरुणपणी मांडव्याहून लाँचने मुंबईला गेले आणि देशातल्या अगदी सुरुवातीच्या एका अणुविज्ञानाच्या प्रयोगशाळेत काचकामाला लागले. किरणोत्सर्ग मोजायच्या उपकरणांना काचेच्या नळ्या लागत. त्या नाना ज्योतीवर तापवून, तोंडाने फुंकून घडवायचे. गावात मात्र त्यांचं नाव पडलं होतं 'बाँबवाले नाना'. कुणी हाक मारली की ते चिडायचे. "बाँब न्हाय रं, नल्या! नल्या!" अणू म्हणजे काय, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं. "अनू कुनी बगितलाय? म्या मानसं बगितली."

आणि ही माणसं जपून ठेवायचं खूळ त्यांनी निवृत्तीनंतर घेतलं. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत फोटो होते, पत्रं होती, कुणाच्या तरी वहीची फाटकी पानं होती. नाना सांगणार आणि मी वाचनालयाच्या संगणकावर दोन बोटांनी टाइप करणार, असं चार वर्षं चाललं. मला विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही. शिवाय पुस्तकांची वाळवी, गळकं छप्पर आणि दर महिन्याला कमी होणारे वाचक, एवढं एका बाईला पुरे होतं. कितीदा मनात आलं, नानांना सांगावं की आता बास. पण ते असं काही सांगायचे की हात आपोआप चालू व्हायचे.

"मोठा साह्येब व्हता," एकदा म्हणाले, "परदेशातनं शिकून आलेला. पन नली फुटली की माज्या टेबलाजवल चोरावानी उबा. म्हनायचा, 'घरत, नळी फुटली.' म्या म्हनायचो, 'फुटली न्हाय साह्येब, फोडली.' हे बी लिव, बाय. त्याचं डोकं काय व्हतं ते बुकात हाय. त्याचा हात थरथरायचा, ते कुनी लिवलं न्हाय."

ट्रंकेतला सगळ्यात मौल्यवान ऐवज म्हणजे एक मोठा फोटो. प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर बसलेली नि उभी राहिलेली सुरुवातीची मंडळी. नानांनी प्रत्येक चेहऱ्यावर बारीक आकडा घातला होता आणि वहीत आकड्यापुढे नाव. एकोणीस नंबरापुढे तेवढं रिकामं होतं. कडेला उभी असलेली, दोन वेण्यांची एक तरुण बाई. तिला सगळे 'लेलेबाई' म्हणत. नानांची नळी नीट मोजते की नाही, ते तपासायचं काम तिचं. दोन-तीन वर्षांत लग्न होऊन ती गेली. पहिलं नाव कुणी कधी घेतलं नाही, आडनाव लग्नात गेलं. राहिली फक्त 'बाई'.

मुंबईच्या एका संस्थेनं हे सगळे कागद सांभाळायचं आणि फोटोची पुस्तिका छापायचं कबूल केलं होतं. त्यांचं पत्र आलं, यादी पावसाळ्याआधी पाठवा; नाव नसेल तिथे 'अज्ञात महिला' छापू. नानांनी ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. "अद्न्यात कशी? माज्यासमोर बसून डबा खायाची!"

मग आमची शोधाशोध सुरू झाली. जुन्या सहकाऱ्यांपैकी हयात किती, त्यातल्या किती जणांना ऐकू येतं, आणि ऐकू येणाऱ्यांपैकी किती जणांना आठवतं! जो तो म्हणे, "लेलेबाई ना? हो हो, फार हुशार." पुढे काही नाही. नाना फोन ठेवायचे आणि हातावर हात ठेवून बसायचे. त्या दिवसांत ते खरोखर म्हातारे दिसायला लागले.

आणि उत्तर माझ्याच कपाटात होतं, हे सांगताना आजही लाज वाटते. लेले घराण्याचा कुलवृत्तांत आमच्या वाचनालयाला कुणीतरी भेट दिला होता. चार वर्षं मी त्यावरची धूळ झटकत होते. त्यात मुलग्यांना परिच्छेदच्या परिच्छेद, मुलींना एकेक ओळ. वयात बसतील अशा तीन मुली निघाल्या. दोन फोन फुकट गेले. तिसरी ओळ होती, 'कन्या यमुना, सासरचे नाव मंगला, पेंडसे, हरिहरेश्वर.' नोकरीचा उल्लेखही नाही. फोनवर सून म्हणाली, "प्रयोगशाळा? छे हो. पण लग्नाआधी सासूबाई मुंबईत कुठल्याशा ऑफिसात होत्या खऱ्या."

आम्ही दोघं एसटी बदलत बदलत गेलो. नानांचे गुडघे सुजले होते, तरी फोटोची पिशवी त्यांनी मला धरू दिली नाही. आजी ओटीवर सुपाऱ्या निवडत बसल्या होत्या. नानांनी फोटो पुढे ठेवला. आजींनी तो उजेडाकडे धरून कितीतरी वेळ पाहिला. स्वतःच्या चेहऱ्यावरून त्यांची नजर नुसती सरकून गेली.

"यात काचवाला कुठाय?" त्यांनी विचारलं.

"कामगारांना पायरीवर बोलावलं न्हवतं, बाई," नाना म्हणाले. "म्या हितं हाय."

आजींनी मान वर केली, नानांकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. "तुमच्या निम्म्या नळ्या मी परत पाठवायची!"

"निम्म्या न्हाय. चारातली एक," नाना म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. पेन काढून त्यांनी विचारलं, "बाई, नाव कुठलं लिवू?"

"हजेरीपटावर होतं ते लिहा. यमुना लेले."

चहाचा ट्रे घेऊन आलेली सून दारातच थांबली. "यमुना?" ती म्हणाली. लग्नात ताटातल्या तांदळावर नवऱ्यानं अंगठीनं मंगला लिहिलं, त्या दिवसापासून त्या घरात यमुना हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. तीस वर्षं शेजारी जेवणाऱ्या सुनेलाही तो ठाऊक नव्हता.

परतीच्या एसटीत नाना खिडकीला डोकं टेकून म्हणाले, "दमलो बाय आता. पन ह्ये एक झालं." यादी आम्ही त्याच आठवड्यात पाठवली. पावसाळा संपायच्या आत नाना गेले. झोपेत गेले. मी पत्र्याची ट्रंक संस्थेच्या गाडीत चढवली आणि रिकाम्या हातानं परत येताना पहिल्यांदा रडले.

दिवाळीनंतर पुस्तिका आली. कागद गुळगुळीत, छपाई सुंदर. एकोणीस नंबराखाली लिहिलं होतं, 'श्रीमती मंगला पेंडसे'. मी संस्थेत फोन केला. तिथला मुलगा फार नम्रपणे म्हणाला, "मॅडम, आम्ही कुटुंबीयांकडून खात्री करून घेतली. त्यांच्या चिरंजीवांनी आधार कार्डावरचं नाव कळवलं." पुढच्या आवृत्तीत बघू, म्हणाला. पुढची आवृत्ती कधी, ते त्याला माहीत नव्हतं. सगळे मला म्हणतात, बरं झालं, हे बघायला नाना नव्हते. मला तसं मुळीच वाटत नाही. नानांनी हे बघायला हवं होतं, त्या मुलाला फोनवर फैलावर घ्यायला हवं होतं. आता ते सगळं माझ्या गळ्यात पडलंय, आणि मी थकले आहे. तीन पत्रं गेली, उत्तर नाही.

शेवटी आजींना मीच फोन लावला. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. सुनेनं फोन त्यांच्या कानाशी धरला. पुस्तिका छापून आली म्हटल्यावर आजी खुलल्या, म्हणाल्या, "वाचा बघू." मी फोटोखालची नावं एकेक वाचत गेले. प्रत्येक नावाला त्या हुंकार देत होत्या. एकोणिसावंही जसं छापलं होतं तसंच वाचलं, "श्रीमती मंगला पेंडसे."

हुंकार आला नाही. मग आजींनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "ही कधी होती हो तिथे?"