आईच्या घरची घागर

दर रविवारी प्रार्थनेहून आले की मी आठवड्याची कामं कागदावर लिहून काढते: आजारी कोण, तांदूळ कुणाकडे न्यायचे, पत्र कुणाला वाचून दाखवायचं. प्रभूच्या मागे चालायचं तर हातांना काम हवं, असा माझा हिशेब.

माझ्या बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या वर्षी सालेकशाजवळच्या माहेरी आई एकटीच तापाने पडल्याचं कळलं. तडक गेले. अंगण झाडलं, रिकामी घागर उचलली आणि नाल्यावरून पाणी भरून आणलं. आई भिंत धरून उठली. ते पाणी तिने केळीच्या बुडाशी ओतलं आणि घागर घेऊन थरथरत स्वतःच निघाली.

“माय, काऊन चालली वं? तुले ताप आहे.”

“तुह्या हातचं पाणी मले चालते का? एवढी शिकली, अक्कल काही आली नाही!”

मी शेजारणीला हाक मारली. तिने पाणी भरून दिलं. मग आईच म्हणाली, “धान कांड. तेवढं चालते.” ख्रिस्ती झालेल्या लेकीचा विटाळ पाण्याला होता, कच्च्या तांदळाला नव्हता. मी अंगणात कांडत राहिले, ती आत पेज रांधत होती. माझ्या वाट्याची पेज तिने पळसाच्या द्रोणात घालून उंबऱ्याबाहेर ठेवली.

“गरम आहे. फुंकून पी.”

आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली. त्यानंतर कितीतरी आजाऱ्यांच्या घरी मी पाणी भरलं. तरी रविवारी कागद पुढे घेतला की पहिली ओळ मी अजून तिच्यासाठी रिकामी सोडते.