नाव नसलेला पाचवा सोर्स

असले गूढ अनुभव वाचून खाली "वायरिंग तपासा" अशी कमेंट टाकणाऱ्यांतली मी. आमचं बौद्ध कुटुंब. डोळ्यांनी बघ, प्रश्न विचार, मग मान... हीच लहानपणापासूनची शिकवण. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय. पण लिहिते.

गाव काष्टी, तालुका श्रीगोंदा. बाजारतळाच्या मागे आमचं दोन खोल्यांचं स्लॅबचं घर. गेल्या हिवाळ्यात आईला पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात हळूहळू हलायला लागला, पण वाचा गेली ती गेलीच. सगळं कळायचं तिला. बोलायला गेली की नुसते ओठ हलायचे, मग ती तोंड फिरवून भिंतीकडे बघायची. वडील आधीच गेलेले, मी एकुलती. ऑफिसकडून घरून काम करायची परवानगी घेतली आणि पुण्याहून लॅपटॉप उचलून काष्टीला आले.

नगरच्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी सांगितलं होतं — बोलणं आणि गाणं मेंदूत वेगळ्या वाटांनी चालतं, त्यांना ओळखीची गाणी ऐकवत राहा. काही जण असे बोलते होतात. पण सहा महिने उलटले की अवघड होत जातं, असंही त्या म्हणाल्या होत्या. आमचा पाचवा महिना चालू होता.

म्हणून मी एका जुन्या छोट्या कॉम्प्युटरवर म्युझिक प्लेअरचं फुकटातलं सॉफ्टवेअर टाकलं, त्याला वडिलांचे स्पीकर जोडले आणि एकेक सोर्स, म्हणजे गाणी जिथून येणार ते ठिकाण, ॲड करत गेले. इंटरनेट रेडिओ. लोकगीतांचा एक ऑनलाइन संग्रह. माझं स्वतःचं गाण्यांचं अकाउंट. फोनमधल्या फाइली. प्रत्येकाचा पत्ता टाकायचा, नाव द्यायचं, सेव्ह करायचं. चार सोर्स झाले. आई ऐकायची, पण पाहुण्याच्या घरी बसल्यासारखी.

एप्रिलमधली दुपार. कूलर चालू, वाळ्याचा ओला वास, खिडकीला लावलेल्या जुन्या साडीतून पिवळट उजेड येत होता. आई कॉटवर, मी खाली सतरंजीवर लॅपटॉप घेऊन. प्लेअरवर रेडिओ चालू होता. मधेच गाणं बदललं. तीन-चार बायका एका सुरात म्हणत होत्या —

"उजाडलं गं बाई, उजाडलं..."

मागे ढोलकी, टाळ्या. दूरवर कोंबडं आरवलं. एवढी ओळ म्हणून बायका थांबायच्या. टाळ्या चालू राहायच्या, पण एका ओळीएवढी जागा रिकामीच जायची. मग पुन्हा "उजाडलं गं बाई..." मधेच एक बाई हसायची, ताल चुकायचा, पुन्हा पहिल्यापासून. रेकॉर्डिंग वाटतच नव्हतं. भिंतीपलीकडे कुणी सराव करत बसलंय असं वाटत होतं.

आईचा डावा हात चादरीवर ताल धरत होता.

मी स्क्रीन बघितली. सोर्सच्या यादीत पाचवी ओळ होती. नाव नाही. पत्त्याची जागा कोरी. संग्रहातूनच काहीतरी आपोआप जोडलं गेलं असेल म्हणून मी राउटरकडे बघितलं, तर त्याचा लाल दिवा लागलेला. नेट बंद होतं. इतर तीन ऑनलाइन सोर्सवर एररची खूण होती. हा मात्र वाजत होता.

रेकॉर्ड का केलं नाहीस, असं तुम्ही विचाराल. त्या आवाजाने अंगात एक गोड जडपणा यायचा, लहानपणी ताप उतरल्यावर यायचा तसा. फोन हाताशी असायचा आणि हात उचलावासा वाटायचा नाही. ऊन सरकत दारापर्यंत यायचं, तेवढ्यात आवाज विरून जायचा.

असं रोज. तीन दुपारी मी नुसती ऐकत राहिले. आईला वाजतंय ते आवडतंय, एवढं मला पुरत होतं.

चौथ्या दुपारी बायका थांबल्या, टाळ्या चालू राहिल्या... आणि त्या रिकाम्या जागेत आईचा आवाज आला. खरखरीत, पण सुरात.

"हळू म्हना गं, लेक निजली माझी..."

बायकांनी लगेच पुढची ओळ उचलली. खरं सांगते, त्यांचा आवाज उतरला होता. हळू म्हणत होत्या त्या.

मी आईचे पाय धरून रडले. ती माझ्याकडे बघतही नव्हती. पुढच्या जागेची वाट बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी शांतामावशीला बोलावून आणलं. मावशी आईची जुनी मैत्रीण, दोन आळ्या सोडून राहते. तरुणपणी दोघी बायकांच्या गायन मंडळात होत्या, जयंतीला गावोगाव गायला जायच्या. पुढे होऊन ओळ सांगणारी आई असायची, बाकीच्या मागून झील धरायच्या. मी मावशीला काहीच बोलले नाही, फक्त चहा दिला आणि बसवलं.

गाणं सुरू झालं. मावशीने कपबशी खाली ठेवली. मधेच ती बाई हसली, तशी मावशीने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

"ह्यो माझा आवाज हाय," ती म्हणाली. "सुजे, ही गीता, ही आमची कौसल्या. दोगीबी गेल्या गं."

गाणं संपलं, तशी मावशी माझ्याकडे वळली. मग सांगितलं. हे गाणं त्यांनी एकदाच म्हटलं होतं, समाजमंदिरामागच्या लिंबाखाली, सरावाला. आई तेव्हा बाळंतपणाला माहेरी गेलेली, म्हणून तिच्या ओळीची जागा सोडून त्या म्हणत होत्या. तिची उत्तराची ओळ ठरलेली नसायचीच, ती जागेवर जुळवायची. नंतर बाळ आणि संसार यांत अडकून आई मंडळात परत गेली नाही आणि गाणंही तसंच राहिलं.

मी विचारलं, कुणी टेप केलं होतं का?

"आमच्याकडं कुठला टेप? आन् त्या टायमाला ऐकायलाबी कुनी न्हवतं. आमी चौघी आन् ढोलकीवाली."

आईचं माहेर खर्डा. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. ते बाळ म्हणजे मी.

त्या संध्याकाळी यादी उघडली तर चारच सोर्स. सगळ्या सेटिंग्ज तपासल्या, जुन्या नोंदी चाळल्या, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, चारही सोर्स नव्याने जोडून बघितले. पाचव्याचा मागमूस नाही. ऑफिसातल्या एका मित्राला सगळं दाखवलं. तो म्हणाला, नेट नसताना वाजणार कसं? तेच तर मी विचारत होते.

आई आता तुटक बोलते. पाणी, चहा, सुजा, पंखा. थेरपिस्ट बाई म्हणतात, गाण्याने वाट मोकळी झाली. ते मला पटतं. पण ते गाणं कुठून आलं, म्हणून मी अजून रोज दुपारी यादी उघडून बघते.

मागच्या आठवड्यात तिचे केस विंचरताना मी सहज विचारलं, आई, ते गाणं तुला कसं माहीत? तू तर तेव्हा खर्ड्याला होतीस.

ती बराच वेळ शब्द जुळवत राहिली.

"तवाबी... ऐकलं हुतं," ती म्हणाली. "तू... कुशीत हुतीस. उत्तर... र्‍हाऊन गेल्तं."