गच्ची वाजवून बघितली

परवा दुपारी पल्लवी, आमची लेक, पहिल्या बाळंतपणासाठी संगमनेरला माहेरी आली. तिची बॅग मागच्या खोलीत ठेवली आणि मी आधी छताकडे बघितलं... कोरडं ठणठणीत!

महिन्याभरापूर्वी त्याच छतावर ही ओल... भिंतीला काळी बुरशी. बायकोनं सरळ सांगितलं, "थंडीत असल्या खोलीत बाळंतीण ठेवायची? त्यापेक्षा ती सासरीच बरी."

बबन मिस्त्रींना बोलावलं. ते गच्चीवर एक चक्कर मारून म्हणाले, "शेठ, वरचा कोबा पार गेलाय. समदी गच्ची उखडावी लागंल... दोन म्हैने धरा." दोन महिने? पल्लवी तर महिन्यात येणार होती!

मी धंद्याला सुरुवात केली ती कलिंगडाच्या हातगाडीवर. आज फळांचा होलसेल गाळा आहे, पण कान अजून हातगाडीवालेच, टिचकी मारून कलिंगड ओळखणारे. म्हटलं, बघू तरी... मिस्त्रींची थापी घेतली, उकिडवा बसलो आणि टप्प्याटप्प्यानं अख्खी गच्ची वाजवत गेलो.

सगळीकडे टणटण. टाकीजवळच्या कोपऱ्यात मात्र डबडब... पोकळ! खाली बघतो तर तीन विटा आणि काजळी.

आमची कोजागिरीची चूल! दरवर्षी दूध आटवायला तिथंच लाकडं पेटवायची, हा माझाच हट्ट. बायको गॅसची शेगडी वर न्या म्हणायची, तर मी म्हणायचो, धुराच्या वासाशिवाय दूध कसलं? दरवर्षीच्या त्या जाळानं कोबा तडकला आणि पावसाचं पाणी आत शिरून खोलीभर पसरलं.

मिस्त्री हसून हसून खाली बसले. "शेठ, गच्ची न्हाई गळत... तुमचं मसाला दूध गळतंय!" बायकोनं नुसतं बघितलं... ते जास्त लागलं.

तेवढाच कोपरा फोडला, नवा कोबा घातला, आळं करून आठ दिवस पाणी साठवलं. खाली पंखा रात्रंदिवस सुरू. छतावर नवा डाग नाही! आपलाच अंदाज चुकल्याचं मिस्त्री मोकळेपणानं सगळ्यांना सांगतात, असा माणूस मिळायला नशीब लागतं.

काल सकाळी चांगलाच गारठा होता. पल्लवी त्या खोलीत दुलई ओढून गाढ झोपली होती.

आयुष्यभर कलिंगडं ऐकली, यंदा गच्ची ऐकली... आता त्या खोलीतून एकच आवाज ऐकायचा राहिलाय.