उंच गाडी, अरुंद गल्ली

नाही बाबा, मला अजून पटलेलं नाही. लहान गाडी खाली घासते. घासतेच.

तुम्ही गेलात म्हणून मी हे मागे घेणार नाही.

आज महिना झाला. तिकडे काशीत ब्रह्मा घाटावर चुलतभावाने मासिक श्राद्ध केलं. मी इथे मस्कतला, गाड्यांच्या यार्डात. नव्या गाड्या इथून काढायच्या, तिथे लावायच्या. नववीत शाळा सोडली, वेदपाठशाळेतून तर त्याच्याही आधी पळालो. बाबा पुरोहित, महाराष्ट्रातून काशीला येणाऱ्यांची श्राद्धं करायचे, आणि मुलगा ड्रायव्हर. पण गाडी मला कळते. म्हणून भांडण.

गेल्या थंडीत आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दर आठवड्याला व्यायामाला लंका भागापर्यंत जायचं, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. ऑटोत हाडं खिळखिळी होतात. मी म्हटलं, मी गाडी देतो.

बाबा म्हणाले, "दे."

झालं. कुठली, यावर चार महिने फोन.

मी म्हणायचो क्रॉसओव्हर. लांबीला लहान हॅचबॅकएवढीच, पण उंच. सीट कमरेला लागते. आईने नुसतं टेकायचं, पाय आत घ्यायचे, बसली. हॅचबॅकमध्ये माणूस खड्ड्यात उतरल्यासारखा बसतो. आणि बाहेर यायचं म्हणजे सगळा भार गुडघ्यावर.

"बाबा, गुडघा नवीन आहे तिचा!"

"म्हणूनच सांगतो, लहान घे."

"का पण?"

"गल्ली."

बाबांनी सुतळी घेऊन गल्ली मापली होती. आमच्या गल्लीत दहीवाल्याचा दगडी ओटा पुढे आलाय, सगळ्यात अरुंद जागा ती. बाबा वाकून गाठ मारतायत आणि दहीवाला वरून म्हणतोय, "का पंडितजी, गाड़ी लेत हउवा कि गली?" गाडी घेताय की गल्लीच?

मग तीच सुतळी घेऊन शोरूममध्ये. तिथला पोरगा म्हणाला, "बाबाजी, चौड़ाई कैटलॉग में लिखी है."

"कैटलॉग हमारी गली में नहीं आएगा, बेटा."

हे मला त्यांनी स्वतः फोनवर सांगितलं. काय खूश होते!

निकाल असा की हॅचबॅक आरसे मिटून ओट्यापुढे निघते, थेट आमच्या पायऱ्यांपाशी. क्रॉसओव्हर चार बोटांनी अडकते. मग ती बाहेर मोठ्या रस्त्यावर ठेवायची, आणि तिथून आईने चालत यायचं. गायी, सायकली, शेण, सगळ्यातून.

"चार बोटांसाठी एवढी चांगली गाडी सोडायची?"

"चार बोटं म्हणजे भिंतच रे, बाळा."

मला आमची जुनी गाडी आठवली. नव्वदचं दशक संपत आलं होतं, मी सात-आठ वर्षांचा. बाबांनी सेकंडहँड पांढरी हॅचबॅक घेतली होती, स्टेशनवरून यात्रेकरू आणायला. पाच माणसं, वर त्यांच्या वळकट्या. स्पीडब्रेकर आला की बाबा दोघांना उतरवायचे, गाडी पलीकडे न्यायचे, परत बसवायचे.

बघा, घासायचीच ती!

पण ओटा आला की बाबा ओरडायचे, "कान पाड!" मी खिडकीतून हात काढून माझ्या बाजूचा आरसा मिटायचो, ते त्यांच्या बाजूचा. गाडी श्वास रोखून निघायची.

धाकटी बहीण गौरी झाली तेव्हा आई दवाखान्यातून तशीच घरी आली. सकाळचं दाट धुकं, पोटाला टाके, मांडीवर एवढीशी गौरी. गाडी पायऱ्यांपाशी लागली. आई उतरली, दोन पायऱ्या चढली, घरात. मग बाबांनी मान बाहेर काढून सगळी गल्ली गाडी उलटी नेली.

हे मला आठवत होतं. तरी मी म्हणायचो, उंच घ्या.

शेवटचा फोन रविवारी. "विचार कर," म्हणाले. मी म्हटलं, "तुम्हीपण करा." मंगळवारी दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

मी पोचलो तेव्हा सगळं आटपलं होतं. घाटाघाटाने, लोकांच्या खांद्यावर, मणिकर्णिकेला नेलं म्हणे. बाबांना ना माझी गाडी लागली, ना त्यांची.

तेरावा झाला. दुसऱ्या दिवशी माझं विमान. स्वयंपाकघरात गौरीने विषय काढला. गाडी तीच चालवणार, बाबांनीच शिकवलीय.

"दादा, लहानच घेऊ."

"तू पण त्यांच्याच बाजूने?"

"गल्लीच्या बाजूने."

परत तेच. उंची, रुंदी, सीट, ओटा. आवाज चढले. आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली,

"माझ्या गुडघ्यावरून घरात एवढी लढाई चालली आहे. गुडघेवालीला कोणी विचारलं?"

तिने सूप खाली ठेवलं.

"सीटवर गादी टाकली की गाडी उंच होते. गल्लीला काय टाकू?"

आधी गौरी हसली. मग मी. मग आईपण हसली आणि पदर डोळ्यांना लावला. त्या घरात तेरा दिवसांत पहिल्यांदा कोणी हसलं.

इथे परत आलोय. रोज क्रॉसओव्हर चालवतो. खरंच चांगली गाडी आहे, बाबा. रस्ता वरून दिसतो. पण वरून आपलं दार दिसत नाही.

ठरलं मग. लहानच. रंग पांढरा, आई म्हणाली.

पण पावसात खाली घासली तर गौरीने मला फोन करायचा नाही.

आणि गौरी, ओटा आला की आईला सांग, तिच्या बाजूचा कान तिने पाडायचा.

बाबा, नमस्कार करतो. भांडण तुम्ही जिंकलात. गाडीच्या डाऊन पेमेंटचे एक लाख आणि गादीचे पाचशे, असे आज गौरीच्या खात्यावर पाठवतोय, एक लाख पाचशे रुपये.