सुमनताईंच्या नावाचं पत्रक

आबांनी फोनवर आधी गाडीचं सांगितलं. "गाडी बंद पडली गं, कॅनॉलच्या पुलावर..." आणि मग, "...सुमन गेली." मी बारामतीत छापखान्याच्या दारात उभी होते. ज्या इंजिनाबद्दलच्या पत्रकावरून मी आणि सुमनताई भांडत होतो, त्याच इंजिनाची गाडी दवाखान्याच्या वाटेवर बंद पडली आणि ताई गेल्या. रडू नंतर आलं. आधी आला संताप, आणि तो कुणावर काढायचा हेही ठरलेलंच होतं. गाडी बनवणाऱ्या कंपनीवर.

ताई लासुर्ण्याच्या. आयुष्यभर आरोग्यसेविका म्हणून पायी आणि एसटीनं हिंडल्या. निवृत्त झाल्यावर छोटी पेट्रोल गाडी घेतली आणि चालवायला शिकल्या. त्यानंतर गावातल्या बाळंतिणी, डायलिसिसवाले, मोतीबिंदूवाल्या म्हाताऱ्या, सगळ्यांची बारामतीची वाट ताईंच्या गाडीतून जायची. कळा देणारी पोरगी मागच्या सीटवर किंचाळायला लागली की ताई म्हणायच्या, "वरड बाई, मनमोकळं वरड, पण आधी दार नीट लाव!" त्यांचे यजमान, म्हणजे आबा, वालचंदनगरच्या कारखान्यात फिटर होते. मोठमोठी धुडं जुळवण्यात हयात गेलेली. ते या इंजिनाला शिलाई मशीन म्हणायचे.

आमचा छोट्या गाडीवाल्यांचा गट जमला तो या शिलाई मशीनमुळेच. एक लिटरचं, तीन सिलिंडरचं इंजिन. ताकद कमी पडू नये म्हणून त्याला टर्बो. ॲव्हरेज चांगलं, शोरूममध्ये बोलणं गोड. पण इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडझाप करणारा जो पट्टा असतो, तो या इंजिनात तेलात बुडून फिरतो. रबराचा पट्टा, तोही तेलात! त्याला ठरावीक जातीचं पातळ तेलच चालतं. तेल चुकलं किंवा जुनं झालं की पट्टा फुगतो, मग त्याचे तुकडे पडतात, ते खाली तेलाच्या जाळीत अडकतात, आणि तेल वर चढत नाही. तेलाविना इंजिन किती चालणार? शिवाय पाण्याची नळी प्लास्टिकची, उन्हाळ्यात तडकते. गटातल्या कित्येकांना यातलं एक ना एक भोगावं लागलं होतं. सर्व्हिस सेंटरचं उत्तर एकच: तुम्ही गाडी नीट वापरली नाही.

एकदा गटातल्या माळेगावच्या नानांचं इंजिन बारामतीच्या गॅरेजात उघडलं. आम्ही सगळे वाकून बघत होतो. मिस्त्रीनं जाळी काढली तर ती काळ्या लगद्यानं गच्च भरलेली. "अगं बया, शेवया झाल्यात की पट्ट्याच्या," ताई म्हणाल्या. मिस्त्रीनं विचारलं, तेल कुठलं घातलं होतं? नाना इकडंतिकडं बघायला लागले. "कमी दिसलं म्हणून वाईच ट्रॅक्टरचं वतलं. घरात कॅन हायेच की."

आमच्याकडं हे घरोघर आहे. ऊसवाल्याच्या पडवीत ट्रॅक्टरच्या तेलाचा कॅन असतोच, आणि तेल जितकं घट्ट तितकं इंजिनाला पौष्टिक, ही समजूत दुधातुपाइतकी पक्की.

पत्रकात हे लिहायचं का, यावरून आमचं जुंपलं. मी म्हणाले, एवढी एक ओळ छापली की कंपनी तेवढीच कापून घेईल आणि सुटेल. ताई भडकल्या. "पत्रक कंपनीला वाचायला काढतीस का गाडीवाल्यांना? उद्या एखादा तुजं पत्रक खिशात घालून घरी जाईल आन् कॅन वतंल. मग?" मी म्हणाले, आधी कंपनीला धरू, मग गावाला शहाणं करू. "मग धर," त्या म्हणाल्या. भांडण तिथंच राहिलं.

आबांचा फोन आला त्या दुपारी ताईंच्या छातीत दुखायला लागलं. हे पित्ताचं नव्हे, हृदयाचं आहे, हे त्यांना लगेच कळलं. त्या स्वतःच गाडीत जाऊन बसल्या, चालवायला आबा. वाटेत तेलाचा लाल दिवा लागला. दिवा लागला की गाडी जागेवर थांबवा, असं गाडीच्या पुस्तकात आहे. शेजारी बायको छाती धरून बसलेली असताना कोण थांबवतो? आबांनी दामटली. पुलावर इंजिन जाम झालं. भाजीच्या टेम्पोवाल्यानं दोघांना उचललं, पण दवाखाना यायच्या आत सगळं संपलं होतं. वेळेत पोचल्या असत्या तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. हे "सांगता येत नाही" मला अजून झोपू देत नाही.

ताईंच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, तेव्हा मी आबांना पत्रकाचा मजकूर वाचून दाखवला. मथळा होता: कंपनीच्या इंजिनानं सुमनताईंचा बळी घेतला.

"खोड ते," आबा म्हणाले.

मला वाटलं, त्यांना गाजावाजा नको असेल. पण ते भिंतीकडं बघत बोलले, "भावाच्या रानातनं कॅन आणला हुता. दोन-तीनदा वतलं म्या. तिला न्हाय सांगितलं. म्हनलं, ही काय मला तेल शिकवनार."

 मग जे माझ्या तोंडात आधी आलं ते बोलले: "आबा, हे कुणाला सांगू नका. कंपनी यावरच सुटेल."

"सुटू दे न्हायतर अडकू दे. तिच्या नावानं अर्धं छापू नको. तिला आवडायचं न्हाय."

म्हणून इथं पुरतं लिहिते आहे. पत्रकातही हेच जाईल. या इंजिनात ट्रॅक्टरचं तेल ओतू नका, एक थेंबही नको. आणि कंपनीनं फार खूश होऊ नये. नेमून दिलेलं तेल घालूनही पट्टे गेलेल्या गाड्या आमच्या गटात आहेत. जी गाडी तुम्ही घरोघर ट्रॅक्टर असलेल्या मुलखात विकता, तिच्या तेलाची ताकीद इंग्रजीत, पुस्तकाच्या पोटात, मुंगीएवढ्या अक्षरात का? तेलाच्या झाकणावर मराठीत चार ठळक शब्द का नाहीत? "काही बघायला लागत नाही, मॅडम," असं हसून ताईंना किल्ली देणाऱ्यानं ते चार शब्द का सांगितले नाहीत? चाळीस वर्षं इमानानं यंत्रं जुळवलेला माणूस आज स्वतःला बायकोचा मारेकरी समजतो. पट्टा खरंच कशानं गेला, हे इंजिन उघडल्यावर कळेल. कळेलच असंही नाही. पण आबांना तेवढी तरी शंकेची फट मिळावी, असं मला फार वाटतं.

पुलावरून ओढून आणलेली गाडी अंगणातच उभी होती; परवा ती गॅरेजला न्यायला टोइंगवाला आला. अंगणातून रस्त्यापर्यंत ढकलावी लागणार होती. आबा आणि तो ढकलायला मागं जाऊन उभे राहिले, मी स्टिअरिंगवर बसायला गेले. बसताच येईना. ताई बुटक्या, सीट पार पुढं ओढलेली, खाली घडी घातलेली जुनी गोधडी. त्या दिवशी आबाही तसेच अवघडून बसले असणार. घाईत सीट सारायला कुणाला सुचतंय. मी सीटखालच्या दांडीला हात घातला, तोच काचेवर टकटक झाली.

"मागं सारू नको," आबा म्हणाले. "र्‍हाऊ दे तशीच."

मी गुडघे स्टिअरिंगला टेकवून, अंग चोरून बसले. त्यांनी ढकलायला सुरुवात केली.