उन्हातली जीप

आमचा जीपवाला किल्लारीचा. दरवर्षी आम्हा घरच्यांना हैदराबाद दाखवून आणतो, पण जीप कधी भिंतीच्या सावलीत लावत नाही. सीट तापतात, मी चिडतो. तो हातातली किल्ली फिरवत म्हणतो, "मोकळ्यात बरं असतंय, सर." आत कुठंच येत नाही, चारमिनारही लांबूनच बघतो.

यंदा संग्रहालयात आईचे पाय आखडले. मी त्याला फोन केला. तो धावत आत आला. "माझा हात धरा, मावशी." बाराचे टोल पडत होते, सगळी गर्दी जुन्या घड्याळाकडे बघत होती. हा घामाघूम, छतावर नजर ठेवून, आईला सावकाश चालवत होता.

बाहेर आल्यावर मी पहिल्यांदाच विचारलं, "भूकंप झाला तेव्हा कुठं होतात?"

"घरातच व्हतो," म्हणाला, आणि उन्हातल्या जीपकडं निघाला.